उजव्या बुटाचं नाक

उस्तादनं भाड्याचा बूट उलटा केला, तळ दोन्ही अंगठ्यांनी वाकवला आणि काउंटरवरच्या बाईसमोर धरला.

"हे शिवलंय की थुंकीनं चिकटवलंय?"

"नंबर बरोबर आहे ना काका?"

"नंबर तेवढा बरोबर आहे. बाकी सगळं चूक."

बत्तीस वर्षं बूट शिवलेल्या माणसानं असल्या जोड्यात पाय घालायचा, म्हणजे सुगरणीनं खानावळीत जेवायचं. पण बॉलिंगच्या दारात आपले बूट जमा करायचे आणि यांचे घालायचे, असा नियम. मास्तर आणि त्याची बायको, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, बाकावर बसून नाड्या बांधत होते. साहेब मात्र सगळ्यांच्या आधी येऊन, बूट बदलून, पायावर पाय टाकून बसला होता. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. खुर्ची सुटली, साहेबी काही सुटली नव्हती.

उस्ताद आज खेळायला आलाच नव्हता. तो एक प्रश्न घेऊन आला होता. अठरा वर्षं साहेबाचे बूट त्याच्याच दुकानात यायचे. दोन वर्षांपूर्वी यायचे बंद झाले. विचारलं, तर म्हणे, "हल्ली झिजतच नाहीत रे." न झिजणारे बूट मढ्याचे असतात, एवढं काय उस्तादला कळत नव्हतं? मोठ्या रस्त्यावर दुरुस्तीचं काचेचं दुकान निघालं होतं. शाळेपासूनच्या मित्राच्या बोळातली पायरी चढायची आता साहेबाला लाज वाटत होती, दुसरं काय! आज ते चारचौघांत तोंडावर विचारायचं आणि दोस्तीची नाडी कायमची सोडून टाकायची.

उस्तादच्या सुसाट चेंडूनं तीनच पिना पाडल्या. वहिनींनी झोपलेलं बाळ खाली ठेवावं तसा चेंडू दोन्ही हातांनी सोडला. तो रमतगमत गेला आणि त्यानं आठ पिना आडव्या केल्या.

"तुमचा चेंडू घाईत होता भावजी. माझ्याला घरी काही काम नाही."

मग साहेब उठला. मनगट कसं धरायचं, नजर कुठे ठेवायची, यावर आधी प्रवचन झालं. उस्ताद छताकडे बघत राहिला. साहेब चार पावलं चालला, तिसऱ्याला अडखळला, आणि चेंडू थेट बाजूच्या चरात.

"लेन तेलकट आहे."

"खेळता येईना, लेन वाकडी," उस्ताद म्हणाला.

मास्तर हसला. पुढच्या खेपेलाही तसंच झालं.

"अरे, पाय उचल की! लोढणं बांधलंय का पायाला?"

"बूट भिकार आहेत रे."

"भिकारच आहेत, मी पाहिलेत. पण धडधाकट माणसाला पाडतील एवढी अक्कल नाही त्यांच्यात."

साहेब गरजेपेक्षा मोठ्यानं हसला. बसताना त्यानं उजवी मांडी हातानं उचलून डावीवर ठेवली. काय ही ऐट, उस्तादच्या मनात आलं. बसायचं तेसुद्धा सिंहासनावर बसल्यासारखं.

डाव वहिनींनी जिंकला. उस्ताद उठून तरातरा काउंटरकडे निघाला.

"थांब रे, माझे मी घेतो," साहेब मागून ओरडला.

पण बाईनं चारही जोड मांडून ठेवले होते. उस्तादनं साहेबाचा जोड उचलला. पुरावा हातात, प्रश्न ओठावर.

डावा बूट ठणठणीत होता. उजव्याचं नाक मात्र खरवडून निघालं होतं. त्यावर ठिगळ, ठिगळावर ठिगळ, आणि वरचंही झिजत आलेलं. टाच जवळजवळ कोरी. असली झीज उस्तादनं आयुष्यात दोनदाच पाहिली होती. ती दोन्ही गिऱ्हाइकं पुढे स्वतः आली नाहीत. त्यांची मुलं यायची, बापाच्या काठीखालचं रबर बदलून न्यायला.

त्यानं सगळ्यात खालचं ठिगळ अंगठ्यानं चाचपलं. चामडं खोटं बोलत नाही. दोन वर्षं.

मागे फरशीवर पाय घासत आला आणि थांबला.

"कुणी केलं हे?" उस्तादनं वळून न बघता विचारलं.

"आहे एक. मोठ्या रस्त्यावर."

"त्यानं काही विचारलं नाही?"

"नाही ना. म्हणून तर..."

उस्तादनं बूट दिव्याखाली धरला आणि तोंड वाकडं केलं.

"हे टाके म्हणायचे? गाढवानं पोतं शिवलंय. सोमवारी दुकानात ये. आणि पुन्हा त्या काचवाल्याची पायरी चढलास, तर तंगडी मोडीन तुझी."

"डावी मोड," साहेब म्हणाला.

उस्तादनं जोड काखेत मारला. त्यानं साहेबाला दंडाला धरून बाकावर बसवलं, स्वतः फरशीवर बसला आणि उजवा पाय मांडीवर घेतला.

"काय रे, काय चाललंय?" मास्तरनं लांबून विचारलं.

"नाडी बांधायला शिकवतोय याला," उस्ताद मान वर न करता म्हणाला. "पन्नास वर्षांत या गाढवाला तेवढंही जमलं नाही."