न मंदावणारा तारा

भुंग्याला समोर उभा करून दोन ठेवून द्याव्यात असं मला आजही वाटतं, आणि मग आठवतं की पहिली माझ्याच थोबाडीत बसायला हवी.

दर बुधवारी दुपारी बारा ते एक रेडिओवर माझा कार्यक्रम असतो. एक शास्त्रज्ञ आणि एक संगीतकार समोरासमोर बसवायचे, मध्ये मी, आणि गप्पा अवकाशाच्या. थेट प्रक्षेपण, म्हणजे तोंडातून सुटलेला शब्द परत घ्यायची सोय नाही. त्या बुधवारी शास्त्रज्ञ म्हणून माझी सख्खी थोरली बहीण आली होती. वशिला म्हणा हवं तर, मी नाही म्हणत नाही. दुपारी चारला तिची संस्था तिचा शोध पत्रकारांना सांगणार होती, आणि त्याच्या आधी ताई माझ्याकडे बोलणार होती. आठ दिवस मी केंद्रात नुसती मिरवत होते.

ताईच्या दृष्टीने मात्र हा मिरवण्याचा मामला नव्हता. एकोणीस वर्षं ती त्या संस्थेत कंत्राटावर होती. दर अकरा महिन्यांनी नवा कागद, नवी सही. तिच्या हाताखाली शिकलेली पोरं तिची साहेब झाली. या शोधावर तिला कायम करणार होते, ते पत्र टाइप करून तयार होतं, फक्त चार वाजायचे होते.

दुसऱ्या खुर्चीत भुंगा. कॉलेजपासूनचा माझा मित्र. घरभर वायरी, बटणांची यंत्रं आणि त्यातून दिवसभर चाललेली गुणगुण, म्हणून भुंगा. इलेक्ट्रॉनिक संगीत करतो. त्याला एक तार छेडता येत नाही, पण त्याच्या ठोक्यांवर माणसं घाम गाळेपर्यंत नाचतात. गेल्या वर्षी त्याला ताऱ्याचा खराखुरा आवाज हवा होता. मी ताईच्या मागे लागले, तिने तिच्या चार वर्षांच्या फाइली त्याला दिल्या, आणि त्यांवर त्याने अख्खा अल्बम केला. पुढे ताईच्या संस्थेत पाण्याचा पाइप फुटून संगणकाची खोली भिजली आणि तिच्या मूळ फाइली गेल्या. मोजणी व्हायची बाकी होती. फोनवर ती रडायचीच राहिली होती. तेव्हा मी काय म्हणाले? "अगं, रडतेस काय! भुंग्याकडे आहेत की सगळ्या. त्याच्याकडून घे." केवढं शहाणपण सुचलं होतं मला!

लाल दिवा लागला. काचेपलीकडून आमच्या ध्वनिमुद्रक काकांनी अंगठा दाखवला.

"ताई, सोप्यात सांग. चार वाजता काय जाहीर होणार, ते विचारत नाही, नाहीतर तुझे साहेब मला फाडून खातील. पण हा तारा आहे तरी कसा?"

ताई हसली. ती फार कमी हसते. "मेलेला तारा आहे. पल्सार म्हणतात. मेला तरी स्वतःभोवती गरगर फिरतोय. दर फेरीला रेडिओलहरींचा एक ठोका आपल्याकडे येतो. असे तारे हळूहळू मंदावतात. भोवरा कसा मंदावतो, तसे. सगळेच."

"आणि तुझा?"

"माझा मंदावत नाही." बोलून गेली आणि तिने जीभ चावली. मग तिलाच राहवेना. "चार वर्षांत केसभरही नाही. मी दुर्बीण तपासली, घड्याळ तपासलं, गणित तिघांकडून वेगवेगळं करून घेतलं. त्याचा ठोका चुकतच नाही. असं का, ते आज जगात कुणालाच सांगता येणार नाही."

तिचे डोळे असे चमकत होते की मला भरून आलं. म्हटलं, आता वातावरण जरा हलकं करावं.

"काय रे भुंग्या, मग तुझी तर चैनच झाली असेल! इतका पक्का ठोका, तोही फुकटात."

"कसली चैन? डोकं खाल्लं त्याने माझं!" भुंगा खुर्चीतच पुढे सरसावला. "पहिल्या वर्षाची फाइल आणि चौथ्या वर्षाची एकमेकींवर ठेवली की ठोके जुळेचनात. शेवटची आपली मागे मागे. कानाला नसतं कळलं, पण पडद्यावर स्पष्ट दिसतं. मग बसलो तीन आठवडे. एकेक ठोका उचलला आणि रेघेवर आणून बसवला. चारही वर्षं एका लयीत. नाहीतर लोक नाचणार कसे?"

आणि हसला. मीही हसले! देवाशपथ सांगते, माझं हसू निम्म्यात असताना मला ताईचा चेहरा दिसला.

"कुठल्या फाइली?" ताईने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"तुमच्याच की."

"वेगळी प्रत काढून केलंस ना?"

"प्रत कशाला? त्यांवरच सेव्ह केलं. मी नेहमी तसंच करतो, नाहीतर जागा भरते." त्याला वाटलं ताई रागावली, म्हणून घाईघाईने पुढे म्हणाला, "तुम्हाला परत दिल्या त्या तर उलट जास्त नीट करून दिल्या, ताई."

विज्ञान मला कितीसं कळतं? पण एवढं कळलं. ताईचा न मंदावणारा तारा आकाशात नव्हताच. तो भुंग्याच्या खोलीत तयार झाला होता, तीन आठवडे बसून, माणसांना नाचता यावं म्हणून. आणि तिथे जाऊन तो घेऊन ये असं मी सांगितलं होतं.

मी तोंडाला येईल ते बोलले. "ऐकूया या अल्बममधलंच एक गाणं," असं काहीतरी. काकांनी गाणं लावलं. दिवा विझला. हातात चार मिनिटं होती.

"अरे तो तारा होता, तुझा ढोल नव्हता!" मी ओरडले.

"मला कुणी सांगितलं, ठोके हलवायचे नाहीत म्हणून? कुठलीही फाइल उघडली की मी पहिलं तेच करतो. सगळेच करतात!" भुंग्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "ताई, काही होणार नाही ना? ताई?"

ताईने पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. स्पीकरमधून तिचा तारा वाजत होता. ठक, ठक, ठक, काटेकोर. तिने हात करून काकांना आमच्या खोलीतला तो आवाज बंद करायला सांगितला.

"नावं तीच होती," ती म्हणाली. "तारखा त्याच होत्या. मी फाइली सोडून सगळं तपासलं गं. ओळखीच्या माणसाकडून आल्या म्हणून."

तेव्हा मी तिची खुर्ची माझ्याकडे ओढली आणि जे बोलायला नको होतं ते बोलले. "हे बघ, ऐकणाऱ्यांना यातलं ओ की ठो कळलेलं नाही. कळलंय ते आपल्या तिघांना. चार वाजता होऊ दे जाहीर. पत्र हातात घे. मग सहा महिन्यांनी सावकाश दुरुस्ती दे, म्हण की नव्याने मोजलं. लोक करतात असं. एकोणीस वर्षं, ताई! आज गप्प बस. माझ्यासाठी बस."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, पटतंय. खरंच वाटलं.

काकांनी बोटांनी पाच, चार, तीन केलं. लाल दिवा लागला. मी तोंड उघडण्याआधी ताईने माइक स्वतःकडे वळवला.

"मघाशी मी सांगितलं की माझा तारा मंदावत नाही. ते चूक आहे. तो मंदावतो. ज्या नोंदींवरून मी मोजणी केली त्या मूळ नव्हत्या, आणि मी ते तपासलं नाही. चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही. संस्थेने चार वाजताचा कार्यक्रम रद्द करावा."

काचेपलीकडे काका उभेच राहिले. भुंगा तोंडावर हात धरून बसला. ताईचा फोन टेबलावर थरथरायला लागला, थांबला, पुन्हा लागला. तिने तो पर्समध्ये टाकला, चष्मा काढून पुसला, आणि उठली. मी दिवा चालू असतानाच काकांना खूण केली, काहीही लावा, काहीही.

दारापाशी मी तिचा दंड धरला. "ताई, माझं चुकलं. मीच तुला त्याच्याकडे पाठवलं. त्या फाइली..."

"फाइलींचं काही नाही गं," ती म्हणाली. "तारा आहे तिथेच आहे, पुन्हा मोजीन. कंत्राट ठेवलं तर इथे, नाहीतर दुसरीकडे." माझा हात तिने दंडावरून सोडवला, रागाने नव्हे, हळूच. "पण मी खोटं बोलेन असं तुला वाटलं. तू मला ओळखतेस, असं मी आजवर धरून चालले होते."

ती जिना उतरून गेली. काका काचेवर टिचक्या मारून मला बोलावत होते. कार्यक्रमाची अजून अकरा मिनिटं शिल्लक होती, आणि ती मला एकटीला भरून काढायची होती.