प्रमोदिनीबाईंचा सेंड-ऑफ

"अगं, काकडीचं पाणी सूटकेसवर सांडतंय," भानुदास म्हणाले.

"सांडू दे. टेबल होतं तेव्हा टेबलावर सांडत होतं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढची काकडी ओढली.

आखातातल्या रोल्ला भागातल्या त्या फ्लॅटमध्ये आता दोन सूटकेस, दोन गाद्या आणि प्रमोदिनीबाईंच्या अंगातलं त्राण एवढंच उरलं होतं, आणि त्राणही बेताचंच. बाकी सामान कार्गोने चिपळूणला निघालं होतं. फ्रिज शेजारच्या मल्याळी कुटुंबाने नेला होता. गॅसवाले कालच गॅस बंद करून गेले. भानुदासांनी एका ट्रेडिंग कंपनीच्या स्टोअरमध्ये उमेदीची सगळी वर्षं काढली होती. आता ते निवृत्त झाले होते आणि परवाचं विमान होतं. आज संध्याकाळी इथल्या मराठी मंडळींनी नवराबायकोचा सेंड-ऑफ ठेवला होता. आणि त्या सेंड-ऑफचं खाणं खुद्द प्रमोदिनीबाईच करत बसल्या होत्या.

यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. बारसं असो, वाढदिवस असो, कुणी बाडबिस्तरा गुंडाळून कॅनडाला चाललेलं असो, प्रमोदिनीबाईंचे ट्रे ठरलेले. परवा सेंड-ऑफ ठरवणाऱ्या संपदाचा फोन आला तोही त्याच सवयीने.

"काकू, गॅस नसणार ना तेव्हा तुमच्याकडे? नो प्रॉब्लेम! नो-कुक करा. छोटे छोटे, एका घासाचे, एकदम क्यूट. आमच्या बिल्डिंगच्या पार्टी हॉलमध्ये तसंही काही गरम करू देत नाहीत. आणि काकू, तुमच्याशिवाय कुणाला जमतंय हो?"

'अगं, यावेळी मी पाहुणी आहे ना,' हे प्रमोदिनीबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. तोंडातून निघालं ते, "बरं, बघते."

त्यांना फार काही नको होतं. एकदा, फक्त एकदाच, रिकाम्या हाताने जायचं होतं. नुसती पर्स खांद्याला लावून आत शिरायचं, खुर्चीवर टेकायचं आणि कुणीतरी बशी हातात आणून द्यायची. इतक्या वर्षांत हे झालं नव्हतं, आणि आता व्हायला दुसरा दिवसच उरला नव्हता.

"मी संपदाला फोन करतो," भानुदास म्हणाले. "सांगतो, बाहेरून मागवा म्हणून."

"नको. जाता जाता कशाला वाईटपणा?"

भानुदास बर्फ आणायला खाली गेले, कारण लबनेचा, म्हणजे अरबी चक्क्याचा, डबा गार ठेवायला बर्फाशिवाय काही नव्हतं.

काकडीच्या जाड चकत्या पोखरून त्यात लबने, वर डाळिंबाचे दाणे. खजुरात चीज आणि बदाम. वाटीने पाडलेल्या ब्रेडच्या गोल चकत्यांवर चेरी टोमॅटोची अर्धुकं पालथी घालायची, त्यांच्यावर काळ्या ऑलिव्हचे बारीक ठिपके, की झाले लेडीबग. मुलं त्यांच्यावर तुटून पडत. मात्र तो एकेक ठिपका चिकटवताना बाईंची पाठ भरून आली. खाली मांडी घालून बसलं की उठवत नव्हतं आणि उभं राहायचं तर ओटा मोकळा नव्हता, तिथे बर्फाचं खोकं होतं. हे सगळं एका घासात नाहीसं होणार, आणि तेही गप्पा मारता मारता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. याआधी त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. आज वाटलं.

संपदाचा नवरा सिद्धार्थ गाडी घेऊन न्यायला आला. हॉलच्या दारात संपदा उभीच होती.

"या या काकू! यल्ला, चला, ट्रे इकडे ठेवा, या टेबलावर. अय्या, कसले गोड दिसतायत!"

या म्हणाली, पण बसा म्हणायचं राहून गेलं. मग प्रमोदिनीबाई टेबलामागेच उभ्या राहिल्या, नेहमीसारख्या.

"आजी, दे आर सो क्यूट! कॅन आय टेक टू?" संपदाच्या लेकीने, उर्वीने विचारलं.

"घे गं बाळा. खजूर नको घेऊस, त्यात बदाम आहे. तुला चालत नाही ना?"

भानुदासांना घड्याळ मिळालं, फुलं मिळाली. ते दोन शब्द बोलले आणि तिसऱ्याला खाली बसले. टाळ्या झाल्या, ट्रे रिकामे झाले. मग संपदाने हाक दिली, "चला गं सगळ्या, काकूंची ओटी भरूया!"

बायका गोळा झाल्या. प्रमोदिनीबाईंनी साडी सारखी केली. आता तरी, असं त्यांच्या मनात आलं.

"काकू, पिशवी कुठे ठेवलीत?" संपदाने विचारलं.

"कुठली पिशवी?"

"ओटीची हो. नारळ, खण, तांदूळ..." बोलता बोलता संपदा थांबली.

गटातली कुणीही देश सोडून निघाली की ओटीचं सगळं साहित्य प्रमोदिनीबाई आणत. इतक्या बिनबोभाट आणत, की ते कुठून येतं हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. आजही प्रत्येकीने, काकू आणतीलच, असं धरलं होतं. काकूंचीच ओटी आहे हे एकीच्याही ध्यानात आलं नाही.

"सॉरी, काकू," संपदाचा चेहरा उतरला. "आता कसं करायचं?"

खालच्या दुकानात नारळ मिळतो, तांदूळ संपदाच्याच घरातून येतील, खणाऐवजी कुठलंही कोरं कापड चालतं. प्रमोदिनीबाईंपाशी सगळी उत्तरं तयार होती.

"मला नाही माहीत," त्या म्हणाल्या. "मी दमलेय गं. तुम्ही बघा." आणि जवळची खुर्ची ओढून बसल्या.

मग एकच धावपळ उडाली. एक लिफ्टकडे पळाली, एक खाली दुकानात गेली, कुणी कुंकवासाठी पर्स उपसली. भानुदास उठायला लागले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ते पुन्हा बसले.

संपदा धापा टाकत आली. नारळाची शेंडी दुकानदाराने पार तासून टाकली होती. तांदूळ कागदी कपात होते. कोरं कापड काही सापडलं नाही, म्हणून तिने स्वतःची ओढणी काढून घडी घातली. तिचे डोळे भरले होते.

"काकू, आधी नारळ ना? की तांदूळ?"

प्रमोदिनीबाईंनी पदर पुढे पसरला. संपदाने घाईघाईने कप उपडा केला. अर्धे तांदूळ पदरात पडले आणि अर्धे जमिनीवर. ते वेचायला बाईंचा हात आपोआप निघाला. त्यांनी तो मागे घेतला, आणि पदर दोन्ही हातांनी धरून त्या बसून राहिल्या.