बॉनेटच्या काठावर

मी एक जुना अँटेना आहे. नाही, असं नको. पुन्हा सुरू करतो.

मित्रांनो, मी एक जुना, सतत हलणारा अँटेना आहे. गाडी धावते तेव्हा हलतो, थांबली तरी बराच वेळ हलत राहतो. बोलतानाही माझं तसंच होतं. सांभाळून घ्या.

जन्म. कारखान्यात आमची पोलादी काडी मुद्दाम लांब ठेवतात. प्रत्येक गाडी वेगळी, म्हणून बसवणाऱ्याने मापून कापायची. मला कापलं ते भाचीने. ती दवाखान्यातले रेडिओ दुरुस्त करायची. तिच्या मामाची उंच, चारही चाकांनी ओढणारी गाडी दवाखान्यातून डोंगरवस्त्यांवर औषधं पोहोचवायची. तिकडे फोन लागत नसे. म्हणून गाडीत बोलायचा-ऐकायचा रेडिओ, आणि बॉनेटच्या काठावर शिकंज्यात आवळलेला मी.

पण मामाने त्याच आठवड्यात गाडीला स्वतःच्या हाताने रंग दिला होता. तीन हात! भाचीने काठावरचा नखाएवढा रंग कानसेने खरवडला, तेव्हा जणू त्याचीच कातडी निघाली.

"अगं, हळू! गाडी आहे ती, बटाटा नाही."

"मामा, शिकंज्याला उघडं लोखंड लागलंच पाहिजे. नाहीतर तुला ऐकू येईल, पण तुझं बोलणं लांब जाणार नाही."

"बरं बाई, तू शहाणी."

तिने मीटर लावलं, मला दोन बोटं कापलं, सुई हवी तिथे आली. तिने मला शाबासकीची टिचकी मारली. मी किती वेळ हललो, विचारू नका.

ती आत दवाखान्यात गेली. आणि मग...

सांगतो. मामाने शिकंजा सोडवला. ओरखड्यावर रंगाचा ठिपका दिला. तो वाळल्यावर काठावर जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि मला तिच्यावर पुन्हा आवळलं. रंगाला काही होऊ नये म्हणून. प्रेमाने, मित्रांनो! मला ओरडता आलं नाही. माझ्यातून दुसऱ्यांचंच बोलणं जातं. मामाने दवाखान्याच्या अंगणातूनच बोलून पाहिलं. तेवढ्यावरून काय, कुणालाही ऐकू जाईल.

मग ती दुपार. वरच्या वस्तीवर एका मेंढपाळ बाईला साप चावला. सापाच्या विषावरचं औषध थंड ठेवावं लागतं, म्हणून ते खाली दवाखान्यातच असे. औषधं द्यायला तिथेच आलेल्या मामाने तिला आणि तिच्या सासूबाईंना गाडीत घेतलं आणि दगडधोंड्यांतून उतरला. नदीवर पोहोचला तर लाकडी पूल मधोमध वाहून गेलेला. दवाखान्यातल्या माणसांनी औषध आणि दोर घेऊन पलीकडच्या काठावर यायला हवं होतं. त्यांना कळवणार कसं? रेडिओ होता की!

"पूल तुटलाय! ऐकताय ना?"

दवाखान्यातून भाचीचा आवाज आला, अगदी स्वच्छ. "मामा, कुठे आहेस? बोल ना."

"अगं, पुलावर! पुलावर आहे मी!"

"मामा, काहीच ऐकू येत नाही रे."

दहा वेळा हेच. माझ्यातून बाहेर जायचं ते परत फिरत होतं, रेडिओ हाताला चटके देऊ लागला होता. मागच्या सीटवर बाईच्या पापण्या जड झाल्या होत्या.

सासूबाई म्हणाल्या, "गाडी नवरीसारखी सजवलीत. पण तोंडच नाही का हो तिला?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी थरथरत होतो. तो खाली उतरला, शिकंजा सोडवला, रबराची पट्टी ओढून नदीत भिरकावली. कानस नव्हती. सासूबाईंनी कमरेचा विळा पुढे केला. नखभर रंग काढायचा होता, त्याने वीतभर काढला. वर बघत नव्हता. मला पुन्हा आवळलं.

"एका बाईला साप चावलाय. पूल तुटलाय. औषध आणि दोर घेऊन पलीकडे या."

खरखर. आणखी खरखर.

"ऐकलं, मामा! निघालो आम्ही."

"पोरी, ती पट्टी मीच..."

"त्या बाईला झोपू देऊ नकोस. बाकीचं घरी बोलू."

दोराला धरून माणसं औषधासह अलीकडे आली. बाई वाचली. घरी काय बोलणं झालं, मला ठाऊक नाही, मी बाहेर होतो. पण त्यानंतर दर महिन्याला मामा शिकंजा उघडायचा, लोखंड घासायचा, बोटभर ग्रीस लावायचा. रंगाचा डबा कुणाला तरी देऊन टाकला.

आता मामा थकला. गाडी नव्या ड्रायव्हरकडे आहे. माणूस चांगला आहे, रोज गाडी धुतो, मलाही फडका मारतो. पण शिकंज्याखाली गंज धरलाय. वरून दिसत नाही. गेल्या आठवड्यात दवाखान्याने दोनदा विचारलं, "पुन्हा सांगा, आवाज तुटतोय."

मित्रांनो, नुसता फडका पुरत नाही. जे आपल्याला प्रिय आहे, त्याची न दिसणारी बाजूही कधीतरी उघडून बघा. पाना सीटखाली आहे. उद्या सकाळी गाडी वस्तीवर निघणार आहे. त्याआधी या.