याडीचा अंदमान

अंदमानाहून आल्यावर प्रेम राठोडने आईला तांड्यावर पोहोचवायचं काम लांबवता येईल तितकं लांबवलं. आधी प्रवासाचा शीण होता, मग कॉलेजच्या परीक्षा आल्या, मग गाडीचं काम निघालं. पण फुलसावंगीजवळच्या तांड्यावरून वडिलांचा, नेमसिंगांचा, सारखा फोन. "बाया इचारून राह्यल्या, हंसाबाई कवा येते म्हणून. समुद्राचं ऐकायचं हाय त्याहीले." शेवटी एका रविवारी सकाळी त्याने दिग्रसहून गाडी काढली. बायको बबिता आणि मुलगी रिद्धी घरीच थांबल्या. गाडीत तो आणि शेजारच्या सीटवर याडी. आईला तो लहानपणापासून याडीच म्हणत आला होता, त्यांच्या बंजारा तांड्यात सगळीच मुलं म्हणतात तसं.

याडीच्या मांडीवर एक पिशवी होती. तांड्यावरच्या बायांसाठी पोर्ट ब्लेअरच्या बाजारातून घेतलेल्या शिंपल्यांच्या माळा तिच्यात होत्या. तिने आपली फेटिया, म्हणजे घेरदार घागरा, आणि आरसे लावलेली कांचळी चोळी घातली होती. खिडकीतून ऊन आलं की आरशांचे कवडसे गाडीच्या छतावर नाचायचे आणि प्रेम नजर रस्त्यावर ठेवायचा.

अंदमानला जाण्याची कल्पना त्याचीच होती. दिग्रसच्या कनिष्ठ महाविद्यालयात तो भौतिकशास्त्र शिकवतो. तांड्यातला पहिला 'सर'. मागच्या दिवाळीत त्याने फोनवर याडीला एक व्हिडिओ दाखवला होता. काचेच्या हंड्यासारखं काहीतरी डोक्यावर घालून माणसं समुद्राच्या तळावर चालतायत आणि त्यांच्या हाताजवळून रंगीत मासे जातायत. याडीने तो पुन्हा पुन्हा लावायला सांगितला.

"हे खरं हाय का रे? पाय तळाच्या मातीवर अन् डोकं कोरडं?"

"खरं हाय. पोहता यायची गरज नाही."

"म्हंजे मलेबी जमंन."

"तुले नेतो मी," प्रेम म्हणाला. त्या वेळी तो मनापासून म्हणाला होता. नेमसिंग गुरं सोडून यायला तयार नव्हते, म्हणून चौघंच निघाले.

पहिले दोन दिवस छान गेले. सेल्युलर जेलमध्ये याडीने कोठडीच्या गजांना हात लावला आणि डोळे पुसले. रॉस बेटावर हरणं तिच्या हातातून खोबरं खाऊन गेली. काचेच्या तळाच्या बोटीत ती पालथी पडून खाली पाहत राहिली आणि बोटवाल्याला विचारत राहिली, हा कोणता, तो कोणता. तिला हिंदी येत होती, लाजणं येत नव्हतं. दोन मुली तिच्या कपड्यांवर खूश होऊन फोटो मागायला आल्या, तेव्हा ती त्यांच्या खांद्यावर हात टाकून उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी हॅवलॉकला जाणाऱ्या जहाजात प्रेमला वाटायला लागलं की सगळे आपल्याकडेच पाहतायत. याडी मोठ्याने हसत होती. तिने पिशवीतून ठेच्याचा डबा काढला आणि शेजारच्या बंगाली बाईला चाखायला दिला. बाईने हसून घेतला, पण प्रेमचे कान तापले. रिसॉर्टवर पोचल्यावर तो बबिताला म्हणाला, "तुझी एखादी साधी साडी दे तिला. इथं हे फार वाटतं."

बबिताने त्याच्याकडे पाहिलं, पण साडी दिली. याडीनेही काही न विचारता नेसली. फिकट सुती साडीत ती एकदम लहान दिसायला लागली.

रिसॉर्टमध्ये नागपूरचं एक डॉक्टर जोडपं उतरलं होतं. मोठं नाव असलेले हृदयरोगतज्ज्ञ, बोलायला मोकळे. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्यांनी प्रेमला आपल्या टेबलावर बोलावलं. शिक्षण, पुस्तकं, मुलांची परीक्षा असं बोलणं रंगलं. अशा माणसासोबत बरोबरीने बसून बोलतोय याचं प्रेमला सुख वाटत होतं. बबिता खोलीत आवरत होती. पलीकडच्या टेबलावर याडी रिद्धीला भरवत होती.

डॉक्टरीणबाई तिकडे पाहून म्हणाल्या, "त्या बाई तुमच्यासोबतच आहेत ना? किती छान सांभाळतात मुलीला. हल्ली अशा बाया मिळत नाहीत."

'माझी आई आहे.' एवढंच म्हणायचं होतं. प्रेमने चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "हो, गावाकडच्या आहेत. मुलीसाठी सोबत आणलंय."

बोलून झाल्यावर त्याला मागे कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं. याडी रिद्धीचा रिकामा पेला घेऊन दूध मागायला आली होती. डॉक्टरीणबाईंनी तिलाच विचारलं, "मावशी, किती वर्षं झाली यांच्याकडे?"

याडीने पेला दुसऱ्या हातात घेतला.

"ते लहान होते तवापासून," ती म्हणाली, आणि दूध घ्यायला निघून गेली.

ते. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला असं म्हटलं होतं. प्रेमला उठून तिच्यामागे जावंसं वाटलं, पण डॉक्टर काहीतरी विचारत होते आणि तो उत्तर देत बसला.

त्याच दुपारी समुद्रतळावर चालायचं ठरलं होतं. बोटीत डॉक्टर जोडपंही होतं. एलिफंट बीचवर उतरल्यावर सगळ्यांची नावं घेतली गेली. लहान मुलांना पाण्याखाली सोडत नव्हते, त्यामुळे रिद्धी किनाऱ्यावर थांबणार होती. डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या, "मुलीजवळ आणि सामानाजवळ मावशी आहेतच."

प्रेमने याडीकडे पाहिलं. ती पाण्याकडे पाहत होती. मग ती वाळूत बसली, सगळ्यांच्या बॅगा तिने आपल्याभोवती ओढून घेतल्या आणि म्हणाली, "जा तुमी. मी हाय."

डॉक्टर जोडपं पुढे गेल्यावर बबिता म्हणाली, "सासूबाई, तुम्हालाच तर जायचं होतं. मी थांबते."

"मले भेव वाटून राह्यलं," याडी म्हणाली.

बबिता नाइलाजाने निघाली. आणि प्रेमही गेला. खाली जाऊन त्याने सगळं पाहिलं. वर आला तेव्हा याडी टॉवेल घेऊन उभी होती. तिने तो आधी डॉक्टरीणबाईंना दिला.

बबिताला खरा प्रकार संध्याकाळी कळला. ती म्हणाली, "अजून वेळ गेलेली नाही. जाऊन सांगा त्यांना." प्रेम म्हणाला, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांना टाळत राहिला. पुढचे सगळे दिवस याडी वेगळ्या टेबलावर जेवली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. बबिता तिच्याजवळ जाऊन बसायची. प्रेमला तेही जमलं नाही.

रविवारी तांड्याकडे जाताना गाडीने पुसद मागे टाकलं. शेवटी प्रेमनेच सुरुवात केली. आईशी बोलताना त्याची बोली आपोआप घरची व्हायची.

"याडी, आज तांड्यावर मी सांगून टाकतो. बाबासमोर, सगळ्याहीसमोर. मी तिथं काय बोललो ते."

"कायले?"

"मले राहवत नाही. झोप लागत नाही."

याडीने पिशवीतल्या माळा चाचपल्या. "तू सांगशील. रडशीलबी. लोक म्हणतीन, चुकला पण पोरगं मनाचं साफ हाय. अन् संध्याकाळी तू दिग्रसले जाशील. मले तिथंच राहायचं हाय. उद्या नळावर त्याच बाया राहतीन. त्याहीच्या डोळ्यात मंग मी कोण? पोरानं जिले मोलकरीण केलं थे."

प्रेमला गाडी बाजूला घ्यावी लागली. पळसाच्या झाडाखाली त्याने ती उभी केली.

"तुले राग आला नव्हता का?"

"तुहा मंग आला. आधी माहाच आला," याडी म्हणाली. "साऱ्या तांड्याचे भांडणं मी मिटवतो. कुणाच्या बापाले भेत नाही. अन् तिथं तोंडातून एवढं नाही निघालं, का बाई, हा माहा पोरगा हाय. मले वाटलं, असंन. या साडीत मी तशीच दिसत असंन. मले माहीच लाज वाटली, प्रेम. तुह्या लाजेनं मलेबी लाजवलं."

त्याने तिचे पाय धरायला हात पुढे केला. तिने तो मध्येच पकडून स्टिअरिंगवर ठेवला.

"चाल. बाया वाट पाहत असतीन. अन् तिथं मी जे सांगीन त्याले हो म्हणायचं."

अंगणात चटया अंथरलेल्या होत्या. लालीबाई, रामीबाई, शेजारपाजारच्या कितीतरी बाया, आणि पुरुषांमध्ये नेमसिंगांच्या बाजेवर लालीबाईचा मुलगा लखीराम. याडीने सगळ्यांच्या गळ्यात माळा घातल्या, पाणी प्यायली आणि मग तिचा आवाज पूर्वीसारखा मोठा झाला. विमान वर चढताना पोटात कसं होतं. जेलच्या कोठड्या. हातातून खाणारी हरणं. ठेचा खाऊन डोळ्यांत पाणी आलेली बंगालीण. बाया हसत होत्या. प्रेम बाजेच्या कडेला मान खाली घालून बसला होता.

"अन् समुद्राच्या तळाशी?" रामीबाईने विचारलं. "तू तर त्याच्यासाठीच गेलती ना?"

"गेली ना. प्रेमनं नेलं मले."

"भेव नाही वाटलं?"

"वाटलं. पण त्यानं हात नाही सोडला माहा."

सगळ्या बायांनी प्रेमकडे पाहिलं. रामीबाई लालीबाईला म्हणाली, "असं पोरगं पायजे."  नेमसिंगांनी हात प्रेमच्या पाठीवर ठेवला आणि काही वेळ तसाच राहू दिला. त्या हाताखाली प्रेमला आपली पाठ जळतेय असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"काय पाह्यलं खाली? सांग ना," लालीबाई म्हणाली.

याडी थांबली. बबिताकडून ऐकलेलं थोडंफार तिच्याकडे होतं, पण तेवढं पुरणार नव्हतं. ती प्रेमकडे वळली. "तूच सांग. मले त्या माशांचे नावं नाही येत."

आणि ती बायांमध्ये सरकून, गुडघ्यांना मिठी मारून ऐकायला बसली.

 प्रेमने सांगायला सुरुवात केली. डोक्यावर ते जड टोप ठेवतात आणि शिडीने खाली उतरवतात. कानात दुखतं, थुंकी गिळली की मोकळं होतं. आत आपल्याच श्वासाची घरघर ऐकू येते. पाय वाळूला लागले की चालता येतं, पण सावकाश, चिखलणीतल्या बैलासारखं. पोवळ्यांची झाडं असतात, सांबराच्या शिंगांसारखी, जांभळी आणि पिवळी. एक मोठा शिंपला दगडात रुतलेला होता. त्याचे ओठ मोरपिशी निळे. सावली पडली की तो तोंड मिटायचा.

"अन् मासे?" हे याडीने विचारलं. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

"नारिंगी मासा, त्याच्यावर पांढरे पट्टे. बोटाएवढा," प्रेम म्हणाला. "मऊ गवतासारखं काहीतरी तळाशी हलत असतं, त्यात त्याचं घर. आपण जवळ गेलो तर पळत नाही. उलट अंगावर येतो, पिल्लं राखत असतो म्हणून. अन् एक हिरवा-निळा मोठा मासा पोवळं कुरतडत होता, त्याचा आवाज येत होता. भाकरीचा कडक पापुद्रा तोडल्यासारखा."

याडीचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. फोनवरचा व्हिडिओ पाहताना जसं राहिलं होतं तसंच. ती हे सगळं आत्ता, पहिल्यांदा पाहत होती, आणि ती पाहतेय हे फक्त त्यालाच माहीत होतं. तो सांगत राहिला. आठवेल तो प्रत्येक रंग त्याने सांगितला. काही सुटू नये म्हणून मध्येच थांबून आठवत राहिला. "मंग याडीनं हात पुढं केला," तो म्हणाला, "अन् मासे तिच्या बोटाला टोचून गेले." हे म्हणताना त्याला वर पाहवलं नाही.

लखीराम उठून जवळ आला. "सर, कापूस निघाला का मीबी मायले नेतो म्हणतो. कसं जायचं, कुठं उतरायचं, काय काय पाहायचं, सारं सांगा मले." प्रेमने मान हलवली.

संध्याकाळी निघताना याडी गाडीपर्यंत आली. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"याडी, पुढच्या वर्षी आपण दोघंच जाऊ," तो म्हणाला. "तुले खरंच खाली नेतो."

"मी जाईन," ती म्हणाली. "लालीबाईसंगं जाईन. तुह्यासंगं नाही."

आवाजात राग नव्हता. भाजीत मीठ जास्त झालं असं सांगावं तितक्या साधेपणाने ती म्हणाली आणि तिने गाडीचं दार बाहेरून लावलं.

कापूस संपल्यावर ती गेलीही. लखीराम, लालीबाई आणि याडी, तिघांची तिकिटं प्रेमनेच काढून दिली, त्यांना नागपूरला विमानतळावर त्यानेच सोडलं. याडी समुद्राच्या तळावर चालून आली. काय पाहिलं ते तिने नेमसिंगांना सांगितलं, बबिताला सांगितलं, रिद्धीला तर दहादा सांगितलं. प्रेमने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुले तर माहीतच हाय."

दिग्रसला ती अजूनही येते. चार दिवस राहते, स्वयंपाकघरात बबिताशी गप्पा मारते. बाजारात प्रेमसोबत जाते. पण रस्त्यात त्याच्या ओळखीचं कुणी भेटलं, कॉलेजातले भीमराज सर किंवा एखाद्या विद्यार्थ्याचे वडील, की ती आपसूक थोडी मागं सरते आणि भाजीची पिशवी दोन्ही हातांनी धरून उभी राहते. प्रेम दर वेळी मागं वळतो, तिला हाताला धरून पुढं आणतो आणि म्हणतो, "ही माझी आई." समोरचा माणूस नमस्कार करतो. याडीही करते.

पुढच्या चौकात आणखी कुणी भेटतं, आणि ती पुन्हा मागं सरते.