बर्फात वाचलो, अरादमध्ये बाटलो

मित्रांनो, मी एक जुना चेंडू आहे आणि मला माणसांची किळस आली आहे. आत्मवृत्ताची सुरुवात अशी करू नये, हे मला ठाऊक आहे. आधी जन्म सांगावा, मग केलेली सेवा सांगावी, मग म्हातारपणाचे हाल, आणि शेवटी हात जोडावेत, अशी रीत आहे. पण मला हात नाहीत. शिवाय आज माझ्या अंगाला जो वास येतो आहे, तो घेऊन गोड बोलणं मला जमणार नाही. तो वास कसला, ते ओघात सांगेनच.

तुम्ही ज्याला लाथा मारता तो गोल चेंडू मी नव्हे. मी लांबुळका, दोन्ही टोकांना निमुळता, थेट असोल्या नारळासारखा. अमेरिकेतले लोक माझ्या खेळाला फुटबॉल म्हणतात, जरी त्यात पायाचं काम थोडं आणि हाताचं फार. मला छातीशी धरायचं, पळत सुटायचं आणि समोरच्यांच्या शेवटच्या रेघेपलीकडे न्यायचं. समोरच्यांनी मध्येच आडवं पाडायचं. एवढाच तो खेळ.

माझा जन्म ओहायो राज्यातल्या एका लहान गावातला. माझं कातडं गाईचं. तरी तिकडची माणसं मला 'पिगस्किन' म्हणतात, म्हणजे डुकराचं कातडं. फार पूर्वी पोरं डुकराच्या फुगवलेल्या मूत्राशयाने खेळायची म्हणे, तेव्हापासून हे नाव चिकटलं. गाय मेली माझ्यासाठी आणि नाव झालं डुकराचं! हा माझा पहिला अपमान. कारखान्यातल्या एका बाईने मला उलटा शिवला, वाफेवर धरला आणि पोटात मूठ घालून खसकन सुलटा केला. जन्मतःच आतलं बाहेर आणि बाहेरचं आत झालं की कोणी फारसा नाजूक राहत नाही. मीही राहिलो नाही.

मग आला तो सामना. एकोणीसशे सदुसष्ट सालचा शेवटचा दिवस, ग्रीन बे नावाचं गाव, अजिंक्यपदाची लढत. थंडी शून्याच्या खाली पंचवीस अंश. मैदानाखाली ऊब देणाऱ्या तारा घातल्या होत्या, त्यांनी ऐन वेळी दगा दिला आणि गवताचा दगड झाला. पंचाची शिट्टी ओठाला चिकटली. ओढून काढली तर ओठाचं कातडं सोलून आलं. पुढे पंच शिट्टीऐवजी ओरडूनच खेळ थांबवत होते. बँडवाल्यांची वाद्यं गोठली, त्यांना वाजवताच आलं नाही.

त्या दिवशी मैदानात चेंडू पुष्कळ होते, मी त्यातला एक. माझ्यावर थुंकी गोठली, नाकाचं पाणी गोठलं, कुणाच्या तरी फुटलेल्या बोटाचं रक्त गोठलं. तुम्हाला हे वाचून ओकारी येत असेल. मला नाही आली. त्या देशातही काळ्या माणसाला वेगळं बसवायची घाण होती. कायद्याने ती नुकतीच बंद केली होती, मनातून गेली नव्हती. पण त्या बर्फावर काळे हात आणि गोरे हात मला सारखेच घट्ट आवळत होते, कारण मी सुटलो तर सगळंच सुटणार होतं.

शेवटी अशी वेळ आली की यजमान संघ तीन गुणांनी मागे, रेघ एका हातावर आणि वेळ जेमतेम सोळा सेकंद. त्यांच्या म्होरक्याने चेंडू दुसऱ्या कोणाला दिलाच नाही. स्वतःच कवटाळून माणसांच्या भिंतीत मुसंडी मारली आणि रेघेपलीकडे जाऊन पडला. जिंकले! मात्र तो चेंडू मी नव्हतो. उगाच फुशारकी कशाला मारू? मी तेव्हा कडेला, बर्फ उपसणाऱ्या एका कामगाराच्या कोटात होतो. गर्दी मैदानात घुसली, त्या गोंधळात तो मला कोटातूनच घरी घेऊन गेला. चोरी म्हणा हवं तर.

त्या कामगाराचा मुलगा पुढे खेळाचा शिक्षक झाला आणि नोकरीनिमित्त बहारीनला आला. त्याच्या सामानात मीही आलो. इथल्या एका शाळेत तो मुलामुलींना माझा खेळ शिकवायचा, पण सौम्य करून. आडवं पाडायचं नाही, कमरेला लटकवलेली पट्टी ओढायची. मी त्याच्या कपाटावर बसून धूळ खात होतो. निवृत्त होऊन परत जाताना त्याने मला पिशवीत भरलंच नाही. बारा वर्षांच्या अनुष्काच्या हातात दिलं. तिचा संघ शाळांच्या अंतिम सामन्यात हरला होता, पण तिने एकही झेल सोडला नव्हता. "ज्याला धरायचं कळतं त्याच्याकडे जुनी वस्तू द्यावी," असं तो म्हणाला. माझ्या आयुष्यातली ती शेवटची चांगली गोष्ट असावी, असं आज वाटतं.

अनुष्का इथे बहारीनमधल्याच अराद भागात राहते. वडील रुपेश एसी टेक्निशियन, आई ज्योत्स्ना एका क्लिनिकच्या ऑफिसात. घरात बाबासाहेबांची तसबीर आहे, बुद्धाची छोटी मूर्ती आहे. माझी सोय त्यांच्या शेजारच्या फळीवर झाली. पहिल्या दिवशी रुपेशने मला हातात घेतलं, दाबून पाहिलं आणि कातड्यावरून अंगठा फिरवता फिरवता डोळे पुसले.

"काय झालं?" ज्योत्स्नाने विचारलं.

"काही नाही गं. माझ्या आज्याला गावातली मेलेली ढोरं ओढायला लावायचे. ओढायला लावायचे आणि वरून शिवायचे नाहीत. एक दिवस त्यानं दोर फेकला आणि सांगितलं, उपाशी मरू, पण हे काम करणार नाही. आज त्याच्या पणतीच्या हातात कातडं आलं, ते बक्षीस म्हणून. म्हाताऱ्याला सांगायला पाहिजे होतं."

अनुष्का म्हणाली, "पपा, डोन्ट क्राय, इट्स जस्ट अ बॉल." ती इंग्रजी शाळेतली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत.

आईवडील संध्याकाळी येत, म्हणून शाळा सुटली की अनुष्का समोरच्या फ्लॅटमध्ये थांबायची, रत्नाबाईंकडे. रत्नाबाई आणि त्यांचे यजमान शिवदास कुडाळकडचे. शिवदास ड्रायव्हर. त्यांना मूलबाळ नाही. मी रोज अनुष्काच्या दप्तरातून डोकं बाहेर काढून बघत असे, म्हणून खरं तेच सांगतो. रत्नाबाई तिला गरम घावणे वाढायच्या, तिचे केस विंचरायच्या, परीक्षेच्या दिवशी हातावर साखर ठेवायच्या. सुरुवातीला त्यांनी मराठीत बोलून पाहिलं होतं, पण पोरगी इंग्रजीतच उत्तर द्यायची. तेव्हा बाईंनी हिंदी धरली.

त्यांच्या स्वयंपाकघरात स्टीलचे ग्लास होते, नावं कोरलेले. आणि खिडकीत एक निळा प्लास्टिकचा ग्लास होता, वेगळा. तो फक्त अनुष्काचा. ती घरी येऊन आईला मोठ्या कौतुकाने सांगायची, "आंटी हॅज अ स्पेशल ग्लास फॉर मी." ज्योत्स्ना "हो का?" म्हणायची आणि भाजी चिरत राहायची. तिची सुरी क्षणभर थांबायची. मी फळीवरून पाहिलं आहे.

आज दुपारी अनुष्काने मला दप्तरातून काढून रत्नाबाईंच्या सोफ्यावर ठेवलं. तिला माझी गोष्ट सांगायची होती. बर्फ, शिट्टी, तो सोललेला ओठ, सगळं. आणि तिने उत्साहात सांगून टाकलं की मला पिगस्किन म्हणतात.

"पिग? मतलब सुवर?" रत्नाबाईंनी पाय वर घेतले.

"नो आंटी, दे जस्ट कॉल इट दॅट. इट्स काऊ."

"काऊ?"

"काऊ लेदर!" पोरगी हसून म्हणाली. तिला वाटलं, आता बाईंच्या जिवात जीव आला असेल.

मित्रांनो, बाईंनी मला हातही लावला नाही. केरसुणी आणली आणि मला सोफ्यावरून खाली पाडलं, फरशीवरून ढकलत ढकलत उंबऱ्याबाहेर चपलांमध्ये नेऊन टाकलं. शेजारी शिवदासांची कोल्हापुरी चप्पल होती. ती कसल्या कातड्याची, हे बाईंनी त्या चपलेला कधी विचारलं नसावं. मग त्यांनी देवघरातून एक छोटी बाटली आणली, गावाहून आणलेली. तुळशीच्या पानाने त्यातले थेंब सोफ्यावर शिंपडले, फरशीवर शिंपडले, आणि दारात येऊन माझ्यावरही शिंपडले. ते गोमूत्र होतं.

समजलं ना आता, वास कसला ते? गाईच्या कातड्याचा विटाळ गाईच्या मुताने काढला! मूत पवित्र आणि कातडं अपवित्र, हा हिशेब गाईने तरी ऐकला असता का? गोठलेली थुंकी मी अंगावर वागवली आहे. पण एवढी शिसारी मला कधी आली नव्हती. आणि हे तर काहीच नाही. दार उघडंच होतं.

शिवदास जेवायला घरी आले होते. अनुष्का टेबलाशी वही उघडून बसली होती. तिच्यासमोरच बाई नवऱ्याला सांगू लागल्या, "आयकलांत? गायचा कातडा आणून सोफ्यार ठेवल्यान!"

"हळू बोल गो. पोरगी बसलीहा थंय."

"तिका खंय मराठी कळता? इंग्लिशच बोलता ती. आणि ह्येंका काय त्याचा? ढोरां ओढणारी माणसां ही. म्हणान तर मी तिचो गलास पयल्यापासून वेगळो ठेवलंय. तो निळो."

"खलास! पुरे झाला आता," शिवदास म्हणाले आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. म्हणजे त्यांना माहीत होतं. रोज त्यांच्या समोर ती पोरगी त्या ग्लासातून पाणी प्यायची, आणि हा माणूस भात कालवत राहायचा. बाईंपेक्षा मला त्या वाढवलेल्या आवाजाची अधिक घृणा वाटली.

अनुष्काची पेन्सिल चालायची थांबली. तिने मान वर केली नाही. नंतर हळूच वही मिटली, दप्तर भरलं आणि ती दाराशी येऊन मला उचलू लागली. माझ्यावरचे ओले थेंब तिच्या हाताला लागले.

बाईंना काहीच कळलं नव्हतं. त्या नेहमीच्या मायेने मागून आल्या. हो, मायेनेच. तेच तर मला पचत नाही. "अरे बेबी, किधर जाती? लो, कोकम शरबत. ठंडा है." हातात निळा ग्लास होता. बाहेरून दव धरलेला.

अनुष्काने ग्लासाकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं, आणि म्हणाली, "मावशी, मला तहान नाही."

स्वच्छ मराठीत. त्या घरातलं तिचं पहिलं मराठी वाक्य.

बाईंचा हात तसाच पुढे राहिला. त्या बर्फातल्या सामन्यात सगळा निकाल एका रेघेवर अडला होता आणि ती ओलांडायला माणसांनी हाडं मोडून घेतली होती. इथेही मध्ये फक्त एक उंबरा होता. बाई तो ओलांडून आल्या नाहीत.

अनुष्का मला मांडीवर घेऊन जिन्यात बसली. घराची किल्ली तिच्याकडे नव्हती. बाहेर मे महिन्याचं ऊन, आणि जिन्यात एसी नाही. तिचे ओठ सुकले, ती जिभेने ओले करू लागली. मला तो पंचाचा ओठ आठवला. समोरचं दार एकदा उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं तेव्हा बाईंच्या हातात स्टीलचा ग्लास होता, नाव कोरलेला. त्या दारातूनच, गावाकडे लेकीला हाक मारतात तसं, "बाय गो" असं काहीसं म्हणाल्या. अनुष्का भिंतीकडे बघत राहिली. थोड्या वेळाने दार आवाज न करता मिटलं.

ज्योत्स्ना आली तेव्हा पोरगी घामाने निथळत होती. घरात शिरताच अनुष्काने माठाखाली तांब्या धरला आणि घटाघटा पाणी प्यायली. पाणी हनुवटीवरून माझ्यावर सांडलं.

"अगं, मावशींकडे नाही का प्यायलीस?"

"तिथे माझा ग्लास नाही, आई."

ज्योत्स्नाने पर्स खाली ठेवली. काय झालं, असं तिने विचारलंच नाही. तिला बहुधा फार आधीपासून माहीत होतं आणि हा दिवस लांबणीवर पडावा म्हणून ती भाजी चिरत राहिली होती. तिने लेकीला जवळ घेतलं, मग ओल्या फडक्याने मला पुसलं. वास काही गेला नाही. पुसता पुसता ती रडत होती, आणि तिने आपल्या जुडग्यातली एक किल्ली काढून अनुष्काच्या हातात दिली.

आता माझी विनंती. जुन्या चेंडूने म्हणावं, मला उन्हात ठेवू नका, महिन्यातून एकदा तेल लावा. मला तेल नको. मित्रांनो, तुम्ही तुमच्या स्वयंपाकघरात जा. खिडकीत, मोरीपाशी, फळीच्या कोपऱ्यात, कुठे एखादा ग्लास वेगळा ठेवलेला आहे का ते बघा. असेल तर कुणाला विचारत बसू नका. तो घासा, त्यातून आधी तुम्ही पाणी प्या आणि मग सगळ्या भांड्यांत असा मिसळून टाका की पुन्हा कुणाला ओळखता येऊ नये. आजच करा. मोठी माणसं समजतात की मुलांना आपली भाषा कळत नाही. मुलं समोरच बसलेली असतात, वही उघडून, पेन्सिल थांबवून.