मुंबईचा स्टो

मालनने स्टोच्या वाटीत स्पिरिट ओतलं, काडी ओढली आणि हात चटकन मागे घेतला. काळीज नुसतं थुईथुई नाचत होतं. परवाच्या बोटीने आत्माराम मुंबईला परतणार होता आणि या खेपेस तीही संगती जाणार होती. जाणार म्हणजे, हा पितळी बाबा नीट पेटला तर.

अट सासूची होती. गोदूबाईने काल सगळ्यांसमोर ठणकावलं होतं, "मुंबईच्या खोलीत चूल नाय, मग ह्या राक्षसाशीच गाठ. माझ्या देखत पेटव. भडकला नाय तर खुशाल जा. भडकला तर राहा इथंच."

लग्नाला चार वर्षं झाली. त्यात नवऱ्याचा सहवास म्हणजे शिमगा आणि गणपती, बस्स! मालनने रात्रभर मनातल्या मनात स्टो पेटवला होता.

अख्खं नाटे गाव जणू अंगणात लोटलं होतं. शेजारची गंगुबाई तर पाण्याची कळशी काखेत घेऊनच आली होती.

"असू दे गो, वेळ काय सांगून येते?"

आत्माराम कुडाला टेकून उभा होता. त्याने कालच सारं समजावलं होतं: वाटीतलं स्पिरिट जळून वरचं तोंड चांगलं तापू द्यायचं, मगच चावी आवळून पंप मारायचा. पण स्पिरिटची ज्योत उन्हात दिसते कुठे? मालनला वाटलं, विझतेय. जन्मभर चुलीपुढे बसलेली बाई ती! विझू लागलेल्या विस्तवाला काय करायचं, हे तिच्या हातांना कुणी सांगावं लागत नव्हतं. तिने फुंकणी उचलली आणि फुंकर घातली. ज्योत वाटीच्या एका कडेला कशीबशी तग धरून राहिली. तोंड अजून तापलंच नव्हतं, तरी तिने चावी आवळली आणि पंप मारला.

भक्कन पिवळा जाळ उसळला. बायका किंचाळल्या.

"मेलो रे देवा!" म्हणत गंगुबाई कळशी घेऊन धावली.

"पाणी नको!" मालन ओरडली. "घासलेट आहे, पसरेल!"

तिने तोंड बाजूला वळवलं, हात लांब केला आणि चावी सैल केली. फुस्स करून हवा सुटली, जाळ खाली बसला आणि विझला.

सगळं संपलं होतं. मालनचे डोळे भरून आले. सासूकडे बघायचा धीर होईना. पण काम अर्धवट सोडून उठवेना. तिने स्टो निवू दिला, सांडलेलं तेल पुसलं, चिंधी लांब टाकली आणि पुन्हा स्पिरिट ओतलं. या वेळी ती हातांची घडी घालून बसून राहिली. तोंड तापलं, चावी आवळली, हलकेच पंप. निळी फुलं फुलली आणि स्टो असा घोंघावू लागला की परड्यातली कुत्री भुंकत सुटली.

"पेटला!" आत्माराम लहान पोरासारखा ओरडला. आईकडे पाहून तो लगेच पुन्हा कुडाला टेकला.

गोदूबाई आत गेली, चहाचं आधण घेऊन आली आणि स्वतःच्या हाताने स्टोवर ठेवलं. चहा झाला, पिऊन झाला, माणसं पांगली. मालन कपबशा विसळत होती, तेवढ्यात गोदूबाई म्हणाली,

"आत्माराम, हा स्टो हयच ठेव. मुंबईत दुसरा मिळंल ना?"

"मिळंल की. पण आये, तुला कशाला? चूल आहे ना?"

"एकटीच्या मूठभर भातासाठी चूल कोण पेटवीत बसतो रे?"

मालनच्या हातातली बशी तशीच राहिली. आपण जाणार, या आनंदाने ऊर भरून आला आणि त्याच क्षणी तिला चुलीवरचं भाताचं तपेलं आठवलं. चार वर्षं या घरात दोन बायकांचा भात शिजत होता.

गोदूबाई स्टोपुढे मांडी घालून बसली होती.

"ये गो. शिकव मला."

मालन तिच्या शेजारी टेकली. तिने सासूचा हात आपल्या हातात घेऊन चावीवर ठेवला.

"आधी ही सैल करायची, आई. आणि स्पिरिट जळेस्तोवर घाई नाही करायची."

"मला आता कसली घाई गो," गोदूबाई म्हणाली.