रंगाखालच्या अठ्ठावीस भरत्या

आमच्या केर्केना बेटावर खजुराच्या झावळ्यांची कुंपणे समुद्रात रोवून मासे अडवतात. सारा खेळ भरती-ओहोटीचा. आमच्या नाखव्याने, म्हाताऱ्या राईस मन्सूरने, अठ्ठावीस दिवसांच्या, रोजच्या पहिल्या भरतीच्या वेळा नावेच्या आतल्या फळीवर खडूने लिहिल्या होत्या. मी नावेत बसून त्या संगणकातल्या आमच्या तक्त्यात उतरवल्या. त्याच दुपारी मन्सूरने नाव आतून-बाहेरून निळी रंगवली.

आता त्या वेळा फक्त माझ्या फाइलीत होत्या, त्याही कमिट न केलेल्या, म्हणजे पक्क्या न नोंदवलेल्या. काम पुरे झाल्याशिवाय नोंदवायचे नाही, ही माझी जुनी सवय. चौऱ्याहत्तर साली ट्यूनिसच्या कचेरीत अर्धवट काम जमा करायला नेताना संगणकाची भोके पाडलेली माझी आठशे कार्डे जिन्यावरून सांडली होती. ती पुन्हा लावायला अकरा दिवस लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हायफाचा फोन आला. ही स्फॅक्स शहरातली मुलगी तक्त्याचा प्रोग्रॅम सांभाळते आणि मला खाल्ती, म्हणजे मावशी म्हणते.

"खाल्ती नजीबा, मी रकाने बदललेत. तुमचं काम माझ्या कामावर रीबेस करा, म्हणजे नव्या रकान्यांवर बसवा."

"यंत्र नाही म्हणतंय गं. अर्धवट बदल आहेत म्हणे."

"मग ते स्टॅश करा. गठ्ठा बांधून बाजूला ठेवेल. रीबेस झालं की परत काढा."

रीबेस झाले. गठ्ठा काढला, तर तिचे रकाने आणि माझ्या वेळा एकमेकांत अडकल्या. तिचे ठेवू की माझे, असे विचारणारे फाइलभर बाणच बाण. मी घाबरले आणि फाइल गठ्ठा काढण्याआधी होती तशी करून टाकली. वेळा गेल्या.

"हायफा, मी सगळं पुसलं! आणि नावही रंगवून झालीय!"

"खाल्ती, तुमचे हात तुमच्यापेक्षा तरुण आहेत. विचारायचं तरी!"

"हसू नकोस. मन्सूरला काय तोंड दाखवू?"

"आधी पडद्यावर वर बघा, काय लिहिलंय?"

बाणांच्या भीतीत मी ती ओळ वाचलीच नव्हती. गठ्ठा ठेवला आहे, पुन्हा लागला तर.

"अडकलं की यंत्र गठ्ठा टाकून देत नाही," हायफा म्हणाली. "तुम्ही टाक म्हणेपर्यंत."

मी पुन्हा काढला. एकेक बाण सोडवत गेले आणि निळ्या रंगाखालच्या अठ्ठावीस भरत्या ओळीने वर आल्या. त्या जिन्यावर माझ्यासाठी असे कोणी काही धरून ठेवले नव्हते.

ओहोटीच्या वेळा अजून भरायच्या होत्या. तरी मी कमिट केले.